नदी सरकारची, मग वाट कुणाची?

वाचकांचे पत्र, थोडक्यात: मी निवृत्त शिक्षक असून पुण्यात राहतो. माझे आजोळ मावळात, पवना नदीच्या काठी. लहानपणी मामाबरोबर गावच्या डोहावर गळ टाकायला जात असे आणि आजही महिन्यातून दोन-तीनदा तिकडे जातो. गेल्या दिवाळीनंतर नदीकाठच्या जमिनीवर फार्महाऊसचे प्लॉट पडले, तारेचे कुंपण झाले आणि डोहाकडे उतरणाऱ्या वाटेवर फाटक बसले. राखणदार म्हणतो, ‘ही खासगी मालमत्ता आहे, पोलिसांना बोलावीन.’ नदी सरकारची असताना मला असे अडवता येते का? भाच्याला घेऊन एका धरणाच्या फुगवट्यावर गेलो, तर मच्छीमार संस्थेच्या माणसांनी तिथूनही परत पाठवले. गळाने मासे धरायला कायदेशीरपणे कुठे आणि कसे जायचे, हे कृपया सांगावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून मन अस्वस्थ झाले, कारण अशीच तक्रार मुळशी, भोर, वाई, कर्जत अशा अनेक ठिकाणांहून माझ्याकडे येते. ज्या डोहावर तीन पिढ्यांनी गळ टाकले, तो डोह कुणी विकत घेतलेला नसतो. विकली गेलेली असते ती फक्त त्याच्याकडे उतरणारी जमीन, पण परिणाम एकच होतो. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येणार नाही. पाणी कुणाचे, पाण्यापर्यंतची वाट कुणाची आणि पाण्यातला मासा धरण्याचा अधिकार कुणाचा, हे कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत झाली की माणूस बरोबर असूनही वादात हरतो.

नदी सरकारची, हे आपले म्हणणे खरे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, सरोवरे व तलाव यांची पात्रे, तसेच साचलेले आणि वाहते पाणी, जे इतर कुणाच्या मालकीचे असल्याचे सिद्ध होत नाही ते, राज्य शासनाच्या मालकीचे असते. त्यामुळे फार्महाऊसचा मालक डोहावर हक्क सांगू शकत नाही आणि आपण पात्रात उभे असाल तर ‘माझ्या जागेतून बाहेर व्हा’ असे तो आपल्याला म्हणू शकत नाही. परंतु या कलमाने नदी सार्वजनिक ठरते, काठ ठरत नाही. काठावरचा गट कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असेल, तर नदी त्याला लागून वाहते एवढ्या कारणाने त्या गटातून चालत जाण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो शिकल्या-सवरलेल्या लोकांमध्येही फार पसरलेला आहे. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांना निळी आणि लाल पूररेषा आखतो; निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, म्हणून ती जमीन सरकारजमा झाली किंवा सर्वांसाठी खुली झाली, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पूररेषा जमिनीच्या वापरावर बंधन घालते, मालकी बदलत नाही. त्या पट्ट्यात कुणी पक्की भिंत किंवा बंगला बांधत असेल तर त्याविरुद्ध तक्रार अवश्य करावी, पण ‘मी निळ्या रेषेच्या आत आहे’ हे राखणदाराला द्यायचे उत्तर होऊ शकत नाही.

राखणदाराच्या धमकीचेही पाहू. नुसते दुसऱ्याच्या जमिनीतून गेल्याने फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे त्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. मात्र त्याच संहितेतील कलम १२६ मध्ये, म्हणजे एखाद्याला गैरपणे अडवण्याच्या गुन्ह्यात, एक अपवाद आहे: खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे, असे प्रामाणिकपणे समजून कुणी ती अडवली तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे फाटकापाशी वाद घातला तर पोलीस त्याच्यावरही काही करणार नाहीत आणि आपल्यावरही सहसा करणार नाहीत. फक्त आपली सकाळ वाया जाईल आणि गावात आपले नाव भांडखोर म्हणून पसरेल. या वादाचा निकाल फाटकावर लागणार नाही, तो तालुक्याच्या अभिलेख कक्षात लागेल.

म्हणून आपले पहिले काम आहे गावनकाशा मिळवणे. पवनेकाठच्या त्या गावाचा नकाशा महाभूनकाशा या संकेतस्थळावर पाहता येईल, पण त्यावर समाधान मानू नका, कारण संगणकावरच्या गटनकाशात जुन्या वाटा पुष्कळदा उतरलेल्या नसतात. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात अर्ज करून मूळ गावनकाशाची प्रमाणित नक्कल घ्या, आणि गटवारी झालेली असेल तर गटवारीपूर्वीचा सर्व्हे नंबरांचा नकाशाही मागा. नक्कल हाती आली की प्रथम नदी पाहा. नदीच्या पट्ट्याला गट क्रमांक नसतो. मग त्या पट्ट्याकडे उतरणाऱ्या तुटक रेषा शोधा. दुहेरी तुटक रेषा असेल तर तो गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा असेल तर पायमार्ग. नकाशावरच्या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता नदीपर्यंत पोहोचत असेल, तर तो सर्वांत भक्कम. कारण या वाटा भूमापनाच्या वेळी गावाच्या वापरात होत्या म्हणूनच काढल्या गेल्या आणि नंतर जमीन किती वेळा विकली गेली, यावर त्यांचे अस्तित्व अवलंबून नाही.

नकाशानंतर त्या गटाचा सातबारा काढा. बहुतेक लोक त्यावर मालकाचे नाव वाचतात आणि कागद घडी घालून ठेवतात. आपण मात्र आणखी दोन ठिकाणी पाहावे. एक म्हणजे ‘इतर हक्क’ हा रकाना, ज्यात जाण्या-येण्याच्या हक्काची नोंद असू शकते. दुसरे म्हणजे पोटखराबा. पोटखराबा दोन वर्गांचा असतो. ‘अ’ वर्ग म्हणजे शेतीला अयोग्य म्हणून आकारणीतून सोडलेली जमीन, जी मालक लागवडीखाली आणू शकतो. ‘ब’ वर्ग म्हणजे सार्वजनिक प्रयोजनासाठी राखलेली, किंवा रस्ता, मान्य पायवाट, तलाव, ओढा, दफनभूमी यांनी व्यापलेली म्हणून आकारणी न केलेली जमीन. आपल्या वाटेच्या गटात ‘ब’ वर्गाचा पोटखराबा दिसला आणि नकाशावर त्याच जागी पायमार्ग असला, तर कागद आपल्या बाजूने बोलू लागले असे समजा.

महसूल अधिनियमाच्या कलम १६५ मध्ये ‘वाजिब-उल-अर्ज’ या नावाच्या एका दप्तराची तरतूद आहे. सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीत व पाण्यात गावाची जी रूढी असेल, तिची नोंद त्यात करायची असते आणि त्या रूढींमध्ये जाण्या-येण्याच्या हक्काबरोबर मासेमारीच्या हक्काचाही स्पष्ट उल्लेख आहे. विदर्भात हा शब्द जुन्या लोकांच्या तोंडी असतो, आपल्याकडे तो फारसा ऐकू येत नाही. तरीही तहसील कार्यालयात त्याची चौकशी करावी. उत्तर टाळले गेले तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज द्यावा; तीस दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक आहे. याच अर्जात त्या प्लॉटिंगच्या मंजूर रेखांकनाची माहितीही मागता येईल. आपले गाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर ती प्राधिकरणाकडे मागावी. रेखांकनाला मंजुरीच नसेल किंवा त्यात जुनी वाट दाखवलेली असून प्रत्यक्षात बंद केली असेल, तर तो मोठा मुद्दा होतो.

आता समजा, वाट नकाशावर सापडली. इथे माझे मत मी स्पष्टपणे सांगतो: ती वाट स्वतःसाठी मागू नका, गावासाठी मागा. हा केवळ व्यवहारी सल्ला नाही, कायद्याची रचनाच तशी आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंडपणे वापरलेल्या वाटेवर सुविधेचा हक्क निर्माण होतो हे खरे, पण तो हक्क एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठी असतो. आपली त्या गावात जमीन नाही. तेव्हा पन्नास वर्षे डोहावर जात असलात तरी व्यक्ती म्हणून हा हक्क सांगणे अवघड आहे. मात्र त्याच अधिनियमाचे कलम २ असे सांगते की, स्वतःची कोणतीही जमीन नसताना जनतेला किंवा कुणाला असलेले रूढीचे हक्क या कायद्यामुळे बाधित होत नाहीत. डोहावर गुरे नेणे, धुणे धुणे, गौरी-गणपती विसर्जन करणे, दशक्रियेसाठी उतरणे, मासे धरणे हा गावाचा जुना रिवाज असेल, तर तो गावाच्या नावाने उभा राहतो. आपला गळ त्या रिवाजाचा एक लहान भाग आहे आणि त्याच्या आधारानेच तो टिकेल.

गावकऱ्यांपैकी ज्यांच्या शेताकडे किंवा शेतीच्या पाण्याकडे जाणारी वहिवाटीची वाट या फाटकाने अडली आहे, त्यांना मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. त्या कलमात शेती, चराई, झाडे आणि पिके यांच्याबरोबर मत्स्यक्षेत्राचाही उल्लेख आहे, पण संरक्षण आहे ते ताबा असणाऱ्याला, हौसेने गळ टाकणाऱ्याला नाही. आणि इथे मुदत फार महत्त्वाची आहे. अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. आपण लिहिता त्याप्रमाणे फाटक दिवाळीनंतर लागले, म्हणजे दिवस भराभर संपत आहेत. म्हणून नकाशाची नक्कल हाती येण्याची वाट पाहत बसू नका; आजच मामाच्या घरी जाऊन कुणाची शेते, कुणाची मोटार, कुणाची गुरे अडली आहेत ते विचारा.

ज्यांचा दावा या कलमात बसत नाही त्यांच्यासाठी ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा भरतात. तिथे नकाशाची प्रत ठेवून वाट खुली करण्याचा आणि तहसीलदारांकडून हद्दनिश्चिती करून घेण्याचा ठराव मागा. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचे अधिकार ग्रामपंचायतीला तिच्या अधिनियमाच्या कलम ५३ ने दिलेले आहेत आणि सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण हटवण्याचे अधिकार महसूल अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहेत. कुंपण थेट नदीच्या पात्रात उतरले असेल, आणि ते बऱ्याचदा उतरलेले असते, तर ही तक्रार आपण एकट्यानेही करू शकता, कारण पात्र सरकारचे आहे आणि त्यासाठी आपली जमीन असण्याची गरज नाही. अशा तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ मधील एका निकालाचा आधार जरूर घ्यावा. हिमाचलात एका विश्रामधामाच्या बचावासाठी बियास नदीचा प्रवाह वळवण्यात आला होता. त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की वाहते पाणी, समुद्रकिनारा, वने यांसारखी नैसर्गिक संपत्ती शासनाने जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायची असते आणि ती खासगी मालकीत जाऊ द्यायची नसते. हा निकाल खासगी शेतातून वाट काढून देत नाही, पण पात्रातले कुंपण काढायला सांगताना तो फार उपयोगी पडतो.

वाट नकाशावर नसेल, रूढीही सिद्ध होत नसेल, तर मालकाकडे जा. राखणदाराकडे नव्हे, मालकाकडे. आपण कोण, किती वर्षे येता, केव्हा येता आणि कचरा न करता परत जाता, हे सांगून एका कागदावर परवानगी मागा. कित्येक मालकांना भीती असते ती पार्टी करून बाटल्या टाकून जाणाऱ्यांची. सकाळी सहाला एकटा येऊन दोरी सोडून बसणाऱ्या शिक्षकाला ते सहसा नाही म्हणत नाहीत. अशी परवानगी केव्हाही मागे घेता येते आणि तिच्यातून हक्क निर्माण होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

हे सगळे होईपर्यंत नदी सोडू नका. सार्वजनिक रस्त्यावरच्या पुलाजवळ, जिथे रस्त्याची हद्द पाण्यापर्यंत जाते, तिथून पात्रात उतरता येते. गावचे घाट, पाणवठे आणि स्मशानभूमीची वाट याही सार्वजनिक असतात. पूल होण्यापूर्वी जिथे नाव चालत असे, त्या तरीचा रस्ता आज गवताने झाकलेला असला तरी नकाशावर तो बहुधा शिल्लक असतो. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारलेत तर तो नेमकी जागा दाखवेल. यांपैकी एका ठिकाणी उतरून पात्रातूनच डोहापर्यंत चालत गेलात, तर आपण सरकारी जागेतून जात आहात आणि पाणी उतरले की हे सहज जमते. पण एक काळजी घ्या. पवनेसारखी नदी धरणाच्या खालची आहे. वरून पाणी सोडले की पात्र बघता बघता भरते. पाण्याचा रंग किंवा आवाज बदलला, किंवा भोंगा वाजला, तर काठी-पिशवीचा विचार न करता काठ गाठा, मग तो काठ कुणाचाही असो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्यांजवळ, जिथे मासा हमखास असतो, तिथे भाच्याला उभे करू नका.

धरणाच्या फुगवट्यावर आपल्याला परत पाठवणाऱ्यांचे बहुधा चुकलेले नाही. जलाशयातील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग सहकारी संस्थांना ठरावीक मुदतीसाठी देतो. संस्था पैसे भरते, बीज सोडते आणि त्या पाण्यातल्या मासळीवर अनेक घरांची चूल पेटते. वाहत्या नदीतला मासा पकडेपर्यंत कुणाचाच नसतो, पण ठेक्याच्या पाण्यात तसे म्हणता येत नाही. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात त्या जलाशयाचा ठेका कुणाकडे आहे आणि मुदत केव्हापर्यंत आहे, ते लेखी विचारा. नदीच्या आपल्या पट्ट्यासाठी परवाना लागतो का, हेही त्याच पत्रात विचारा. मग संस्थेच्या अध्यक्षांना भेटून दिवसाचे शुल्क देऊन एका गळाची परवानगी मागा. मुंबईत पवई तलावावर हौशी गळवाल्यांच्या संघटनेमार्फत सभासदत्व आणि परवानगीची रीत इंग्रज अमदानीपासून चालत आलेली आहे, तेव्हा ही मागणी विचित्र नाही. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीतून जाताना पिकाच्या कडेने जा. ती जमीन सरकारी असली तरी त्या हंगामापुरती कुणाला तरी कसायला दिलेली असते.

काही पाणी मात्र परवानगी मिळाली तरी आपल्यासाठी नाही. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून वाहणाऱ्या नद्यांवर वन्यजीव कायद्याचे बंधन आहे. कोयनेचे जंगल आणि चांदोली त्यात येतात. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाड्याजवळ टिळसे येथे वैतरणेत देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत. तिथे गळ टाकण्याचा विचारही करू नये. पाण्यात सुरुंग लावणे किंवा विष कालवणे हा १८९७ पासून गुन्हा आहे आणि तसे करणारे कुणी दिसले तर आपल्या डोहासाठी फाटकापेक्षा तो मोठा शत्रू समजून तक्रार करा.

आणि डोहात महसीर, म्हणजे आपला खडशी मासा, गळाला लागला तर ओल्या हाताने गळ काढून त्याला सोडून द्या. या जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्याच पाण्यात तो शोधून सापडणे कठीण आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला चढणीला लागतात, त्या दिवसांत गळ घरी ठेवा. सहा महिन्यांची मुदत पाहता तहसीलदारांकडचा अर्ज मात्र त्याच्या कितीतरी आधी गेलेला असला पाहिजे. नकाशाची नक्कल मिळाली आणि त्यावरच्या रेषा लागत नसतील, तर गटाच्या सातबाऱ्यासह तिची प्रत मला पाठवा. मी पाहून सांगेन.